पाद्री, मालक आणि अक्षतेची सुट्टी

माझा शेजारी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या एका कारखान्यात जॉबर होता. अडलेले माग चालू करून देणं हे त्याचं काम. त्याच्या मालकांना अधूनमधून समाजप्रबोधनाची उबळ येते. मागच्या डिसेंबरात ती आली, तेव्हा त्यांनी अख्खं थिएटर घेतलं, पहिली पाळी बंद ठेवून कामगारांना टेम्पोंतून आणलं आणि त्यांना एक परदेशी धार्मिक चित्रपट दाखवला. मला ‘दोन शब्द’ बोलायला बोलावलं होतं. निवृत्त प्राध्यापक फुकट मिळतो.

आधी तासभर सत्कार चालले. मग मालक म्हणाले, “श्रद्धेला जगातली कुठलीही सत्ता अडवू शकत नाही!” सुपरवायझरनं इशारा केल्यावर टाळ्या पडल्या.

चित्रपटात कम्युनिस्ट राजवटीतला एक पाद्री कैदेत असतो. ‘देव नाही एवढं लिहून दे आणि घरी जा,’ असं अधिकारी त्याला रोज सांगतो. पाद्री लिहून देत नाही. दिग्दर्शकाचा आमच्या अकलेवर विश्वास नसल्यानं दर दहा मिनिटांनी व्हायोलिन रडत होतं, आणि हिंदी डबिंगमुळे अधिकारी डाकूसारखा हसत होता. ईस्टरच्या दिवशी कैद्यांना मुद्दाम जास्त काम देतात, एवढा एक प्रसंग बरा होता. शेजारच्या खुर्चीत मालक रुमालात हुंदके देत होते. “काय राक्षस हो, सर! सणाला तरी माणसाला सोडावं!”

मध्यंतर नव्हतं, त्यामुळे सामोसे शेवटी आले. तेव्हा माझा शेजारी मालकांपुढे जाऊन उभा राहिला. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत उंच काठ्यांचे नंदीध्वज कमरेच्या पट्ट्यात पेलून नेतात. तो मान त्याच्या घरात वडिलांपासून होता, आणि यात्रेतल्या मुख्य, अक्षता सोहळ्याच्या दिवसाची रजा नामंजूर झाली होती.

“मालक, अक्षतेचं तेवढं बघा की.”

“अरे, आज दिली की सुट्टी! तीही पगारी!”

“आजची मागितली न्हवती, मालक.”

“एक्स्पोर्टची ऑर्डर आहे. आणि देव मनात पाहिजे. पाद्र्याकडून काही शिकलास का नाही?”

“मागावरच काठी पेल की!” मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मी चटणी मागून घेतली. माझ्याही हातात सामोसा होता.

जानेवारीत अक्षतेच्या दिवशी तो कामावर गेला नाही. पांढरी बाराबंदी घालून, मान वर करून, घामानं निथळत नंदीध्वज पेलत चालला होता. मान्यवरांच्या खुर्च्यांतून मालक उठले. त्यांचीही बाराबंदी होती, दुकानातल्या घडीसकट. त्यांनी ध्वजाला वाकून नमस्कार केला, फोटोग्राफरला नीट मिळावा म्हणून दोनदा केला. ध्वजाखाली कोण आहे, हे त्यांनी पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी गेटवरच त्याला सांगितलं, काम नाही.

आता तो चिंचोळीच्या एमआयडीसीत कामाला जातो. घरापासून लई लांब पडतं म्हणतो. तिथले मालक कसे आहेत, असं परवा विचारलं.

“पयल्याच दिवशी सांगितलंय, सर, अक्षतेला सुट्टी न्हाय.”

“मग?”

“मग काय? व्हय म्हटलं. आन् जाणार.”