राण्यांची पेंडिंग मरणं

किस्से काही कुणी ठरवून साठवत नाही हो. डब्यांच्या जास्तीच्या झाकणांसारखं आहे ते. कुठून येतात कळत नाही आणि टाकवतही नाहीत!

इथे नेदरलँड्समध्ये, रायस्वाइकला शुभांगीच्या घरी दर रविवारी आम्ही चारपाच जण जमतो आणि तिच्या आजींना व्हिडिओ कॉलवर एक जुनं पुस्तक वाचून दाखवतो. आजी पुण्यात, नजर गेलेली. पुस्तक शंभरेक वर्षांपूर्वी त्यांच्याच आजीनं लिहिलेलं: देशोदेशीच्या राण्यांची चरित्रं. लेखिकेचं नाव आज कुणाला माहीत नाही. पण त्या बाईंचे माझ्यावर फार उपकार आहेत. मी डिपेंडंट व्हिसावर इथे आले, तेव्हा दिवसभर माझ्याशी बोलायला फक्त डिशवॉशर होता!

*

या लेखिकाबाई आयुष्यात पुण्याबाहेर गेल्या नाहीत, पण झापतात प्रत्येक राणीला. इथल्या एका राणीबद्दल लिहितात, "बाईसाहेबांनी थंडीत उघड्या गाडीतून हिंडू नये." ते पान आम्ही मुद्दाम ट्रॅमनं हेगला जाऊन राजवाड्यासमोर वाचलं. गार्ड आला. "काय चाललंय?"

आमच्यातला नीलेश म्हणाला, "आमच्या बाई तुमच्या राणीला स्वेटर घालायला सांगताहेत."

"बरोबर आहे त्यांचं," गार्ड म्हणाला. "ऐकतंय कोण!"

*

हा नीलेश आयटीतला. वाचतो तेसुद्धा ऑफिसातल्या सकाळच्या स्टँडअप मीटिंगसारखं, भराभर. पहिल्याच दिवशी पान संपल्यावर विचारलं, "आजी, काही ब्लॉकर? म्हणजे अडचण?"

"आहे ना! तू श्वासच घेत नाहीस."

*

आजींचा एक नियम आहे. वाचन झालं की आम्ही इकडे आणि त्या तिकडे, एकदमच जेवायला बसायचं. पण राणी मेल्यावर लगेच घास कसा उतरणार? म्हणून मरणाच्या पानाआधी थांबायचं. पुढच्या रविवारी थेट नवी राणी! नीलेशचा जीव वरखाली व्हायचा. "आजी, किती मरणं पेंडिंग आहेत! बॅकलॉग क्लिअर करू या ना."

"राहू दे रे. त्यांना घाई आहे का?"

*

गेल्या महिन्यात आजी हॉस्पिटलमध्ये होत्या. अन्नाला शिवत नव्हत्या. शुभांगी रडून रडून अर्धी झालेली. त्या रविवारी हॉस्पिटलमधल्या कॉलवर शेवटची राणी होती. नीलेश नेहमीच्या जागी थांबला, तर आजीच म्हणाल्या, "आता उरकून टाक बाबा. सगळ्यांची मरणं वाच एकदाची."

नीलेशनं पान उलटलं, घसा खाकरला आणि पुस्तक मिटलं.

"असं कसं आजी? मग जेवता येत नाही, नियम तुमचाच. आधी तुम्ही जेवून घ्या."

आजी नर्सला म्हणाल्या, "आण गं ती पेज."

पहिला चमचा गिळला आणि फोनकडे तोंड करून म्हणाल्या, "मी सावकाश जेवते हं!"