बाबांच्या स्कूटरमधले भाडेकरू

गेल्या रविवारी सकाळी आमच्या स्कूटरमधले मुंगळे घर सोडून गेले... आणि माझे बाबा पोर्चमध्ये स्टूल टाकून दोन तास त्यांना निरोप देत बसले.

थोडं मागून सांगते. बाबा फौजेतले. रिटायर होऊन महूहून इंदूरला आलो तेव्हा त्यांनी ही स्कूटर घेतली. इथल्या लालबागच्या मैदानात मला तिच्यावरच चालवायला शिकवलं, आणि मी पडले तेव्हा आधी स्कूटरला किती लागलंय ते बघितलं.

दिवाळीनंतर राजवाड्याच्या गर्दीत बाबा स्कूटरसकट पडले. गुडघ्यावर निभावलं, पण माझी झोप उडाली. मी जाहीर केलं, स्कूटर विकायची. इंदूरजवळच्या सांवेरचे एक भिया, म्हणजे आमच्या इंदुरी बोलीत भाऊ, घ्यायला तयारही झाले.

तर बाबा म्हणाले, विकता येणार नाही, डिक्कीत मुंगळ्यांनी घर केलंय. बघितलं तर खरंच! फाटक्या रबराखाली काळे मुंगळे आणि पांढऱ्या अंड्यांचा ढीग. मुलाबाळांसकट कुणाला असं बेघर करत नाहीत, असं मला फौजी आवाजात ऐकवण्यात आलं.

म्हटलं ठीक है, जातील आठ दिवसांत. महिना झाला, दोन झाले... हलायचं नाव नाही. सांवेरचे भिया दर सोमवारी फोन करायचे आणि मी दर सोमवारी त्यांना मुंगळ्यांची खुशाली कळवायचे.

शेवटी वैतागून मोबाइलवर वाचत बसले, हे लोक घर बदलतात तरी कधी. खाणं संपलं, ओल आली, ऊन वाढलं, कुणी फार छेडलं, की बदलतात म्हणे. काही जातीच्या मुंग्या तर भटक्याच... पिल्लं अंड्यातून निघाली की त्यांना भरवायला नवनवे मुक्काम, आणि पिल्लं कोषात गेली की मग कुठे थोडे दिवस थांबायचं.

हे आईला वाचून दाखवलं, तर ती पोळी लाटता लाटता हसायलाच लागली. म्हणाली, खाणं कसं संपेल, गुळाचा डबा मी महिन्यात दोनदा भरतेय. मी जाऊन वाकून बघितलं... स्कूटरखाली सुपारीएवढा गुळाचा खडा!

हद्द झाली. सत्तरी ओलांडलेला माणूस चोरून मुंगळे पाळत होता. रागवायचं ठरवून आत आले, पण हसूच आवरेना.

मग मागच्या आठवड्यात बाहेरच्या कडुनिंबाच्या फांद्या छाटल्या गेल्या. पोर्चमध्ये दुपारभर ऊन, स्कूटरचा पत्रा तव्यासारखा. आणि रविवारी रांग निघाली... तोंडात अंडी धरून, गुळाच्या खड्याला वळसा घालून, सरळ कुंपणाजवळच्या जुन्या कुंडीकडे.

बाबांचा चेहरा बघवेना. हळूच म्हणाले, "खायला होतं की इथं. मग का गेले?"

मी शेजारी बसले. सांगितलं की मोठ्यांचं कसंही चाललं असतं, पण पिल्लांना इतकं ऊन सोसत नाही. त्यांच्यासाठी घर हलवतात.

बाबांनी स्टूल रांगेच्या जवळ सरकवलं. मग म्हणाले, "बरोबर आहे. महूला माझं काय अडलं होतं? तुमच्या शाळेसाठीच आलो ना." खिशातून किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. "मी पडलो तेव्हापासून तू घाबरतेस. बोलाव त्या सांवेरवाल्याला."

इतके महिने मला हेच तर हवं होतं. पण किल्ली हातात आली आणि लक्षात आलं... या माणसानं आजवर जे जे सोडलं ते आमच्यासाठीच, आणि मी त्यांच्याकडून हेसुद्धा काढून घेत होते.

मुळात मला भीती बाबांनी स्कूटर चालवण्याची होती. ती नुसती उभी राहिली तर माझं काय जातंय? किल्ली पर्समध्ये टाकली. सोमवारी फोन आला तेव्हा बाबा पडद्यामागे उभे होते, पाय दिसत होते. मी म्हटलं, "भिया, माफ करना, अभी नहीं हो पाएगा. चींटों ने फिर अंडे दे दिए हैं."

आता स्कूटर जिन्याखाली सावलीत आहे. बाबा रोज पुसतात, सीटवर एक थाप मारतात आणि पेपर वाचायला जातात.

काल आईनं विचारलं, गुळाचा डबा पुन्हा कोण उघडतंय. बाबांनी अगदी शपथेवर सांगितलं की ते नाहीत.

खरंच सांगत होते. या वेळी स्कूटरखाली खडा मी ठेवला होता.