काकूंचं ‘असन’

तिरोड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू कशाचीच खात्री देत नसत. नळ आला का, असं विचारलं तर म्हणत, "आला असन." शेवटी ‘असन’, म्हणजे ‘असेल’, लावलं की आपल्यावर काही येत नाही, अशी त्यांची समजूत होती.

एका नटीला नवऱ्याच्या खुनाच्या संशयावरून अटक झाली, तेव्हा टीव्हीवर नऊ चौकटींत नऊ न्यायाधीश बसले. पुराव्यावाचून त्यांचं काही अडत नव्हतं. काकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "तिनंच देलं असन जहर."

"तुम्ही पाहिलं का?"

"मी कायले पाहू, भाऊ? असन म्हटलं फक्त."

पुढच्याच महिन्यात मोटरसायकल चोरल्याच्या संशयावरून पोलिसांनी काकूंच्या पोराला नेलं आणि चोर दुसराच निघाल्यावर सोडून दिलं. गल्ली मात्र त्याला सोडेना. "पोलीस उगाच नेतेत का? काहीतरी केलंच असन," असं बाया नळावर बोलत, काकूंना ऐकू जाईल इतक्या हळू. पोरगा नागपूरला निघून गेला. त्यानंतर तो दिवाळीलाही आलेला नाही.

तेव्हापासून काकूंनी तो शब्द टाकला. नळाचं विचारलं तर आता त्या उठतात, तोटी उघडून बघतात आणि मगच सांगतात.

परवा ती नटी निर्दोष सुटली. टीव्हीवर एक ओळ खालून सरकून गेली. मी काकूंना सांगितलं.

"घरी गेली का मंग?" त्यांनी विचारलं.

"गेली असन," मी सहज म्हणालो.

काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

"पाहून सांगा नं, भाऊ."