नाटकातली भाकर

मॅडमनं माझ्या आईनं केलेली भाकर कागदात गुंडाळली आणि स्टेजमागच्या कचऱ्याच्या बादलीत टाकली. माझ्यासमोर. मी सातवीत होते.

"मन्हा घरनी आणेल शे, ती ठेव ताटमा," त्या अहिराणीत म्हणाल्या. "चेअरमनसाहेबना नातू खाणार शे. त्याले काही व्हयनं तं?"

शाळा शहाद्याकडची, नाव संस्थापक दादांचं. दादा सातपुड्यात फिरले, आमच्या आदिवासी पाड्यावर राहिले, माझ्या पणजीच्या हातची भाकर जेवले. हे खरं आहे. शाळेच्या भिंतीवर त्याचं चित्र आहे, खाली 'येथे सर्व समान'. दर जयंतीला त्याच प्रसंगाचं नाटक. त्या वर्षी संस्थेच्या चेअरमनांचा नातू दादा झाला, मी पणजी. म्हणून आई हौसेनं भाकर करून, जीपला लटकत डोंगर उतरून आली होती.

मी स्टेजवर गेले. मॅडमची भाकर वाढली. त्यानं घास घेतला, टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत आई उभी राहून हसत होती.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "खाल्ली ना त्यानं?"

"हो. सगळी."

आईनं ते पाडाभर सांगितलं. अगदी यंदापर्यंत सांगत होती. मॅडमचा राग येतो, पण त्या 'हो'ची लाज वाटते.

आज मी त्याच शाळेत शिकवते. यंदा नाटक माझ्याकडे आलं. "तुम्ही त्यांच्यातल्याच, छान बसवाल," हेडसर म्हणाले. मग आवाज खाली आणून, "भाकर तेवढी माझ्या घरून येईल. दरवर्षी तसंच असतं. पालकांचं तुम्हाला माहीतच आहे."

दरवर्षी! इतकी वर्षं मी समजत होते, ती एक मॅडमच तेवढी वाईट. ज्या शाळेला मी आपली म्हणत आले, तिनं दरवर्षी एका पोरीच्या घरची भाकर नाकारली होती.

"सर, मी नाटक बसवणार नाही."

"अहो, दादांच्या नावाला बट्टा लागेल."

"दादांनी खाल्ली होती, सर."

त्याच दिवशी पाड्यावर गेले. आईला खरं सांगितलं. ती आमच्या पावरी बोलीत म्हणाली, "तेव्हाच सांगायचं होतंस. मी स्टेजवर चढले असते."

जयंतीला मी आईला घेऊन जाणार आहे. भाषणं सुरू झाली की माईक मागणार. हे सगळं सांगणार, मॅडमच्या आणि हेडसरांच्या नावासकट. माईक नाही दिला तरी बोलणार. वर्गावर शिकवून कमावलेला माझा आवाज मैदानाच्या टोकापर्यंत जातो.