उघड्या तोंडाची बर्निस

बर्निस ओलशेफ्स्कीचा आवाज मोठा होता आणि त्याबद्दल तिने आयुष्यात कधी कुणाची माफी मागितली नव्हती. पोर्ट कॅल्डरच्या गोदीत खनिजाची जहाजं रिकामी करणाऱ्या माणसाची ती मुलगी. बापाला यंत्रांच्या धडधडाटावर आवाज चढवून बोलायची सवय, आणि तीच घरातल्या सगळ्या पोरांनी उचललेली. मोठ्या भावांबरोबर गल्लीत हाताने फेकायचा अमेरिकन फुटबॉल खेळताना ती चेंडू असा फेकायची की तो स्वतःभोवती गिरक्या घेत सरळ जाऊन झेलणाऱ्याच्या छातीवर आदळायचा. शाळेत मुलींची टीम नव्हती, त्यामुळे तिचं फेकणं गल्लीतच राहिलं.

लग्नही त्या गल्लीतच जमलं. भावांचे मित्र तिचे पास झेलायला यायचे. ज्याच्या हातून चेंडू सुटे, त्याच्याकडे काहीतरी कारण तयार असे. कुणाच्या डोळ्यांवर ऊन आलेलं असायचं, कुणाचा चेंडू ओला असायचा. वॉल्टच्या हातून सुटला तेव्हा तो म्हणाला, "सुटला." बस्स, एवढंच. बर्निसला तो तिथेच आवडला.

आता साठी उलटली होती. वॉल्ट शाळेच्या बॉयलरवरच्या नोकरीतून निवृत्त झाला होता. बर्निस अजून सुपरमार्केटच्या काउंटरवर उभी राहायची. आणि रविवारी दोघं स्टेडियमवर, सरोवराच्या बाजूच्या वरच्या रांगेत, लग्नापासूनच्या त्याच दोन खुर्च्यांवर. टीमचं नाव पोर्ट कॅल्डर अँकर्स, म्हणजे जहाजाचे नांगर. शेजारच्या खुर्चीतला गस यानोविच दर हंगामात तोच विनोद करायचा, "नांगर नाव ठेवल्यावर तळाशी जाऊन बसणारच की!"

त्या वर्षी मात्र टीम खरोखरच तळाशी जाऊन बसली होती. क्वार्टरबॅक, म्हणजे टीमसाठी पास फेकणारा, होता टॅव्हियन प्रुइट नावाचा तरुण. सुरुवातीच्या मॅचेसमध्ये त्याने लांबलांबचे पास फेकले आणि त्यातले बरेच प्रतिस्पर्ध्यांनी मधल्यामधे झेलले. कोच घाबरला. त्यानंतर प्रुइटला लांब फेकायची जणू बंदीच झाली. चेंडू घ्यायचा, धावणाऱ्याच्या पोटाशी द्यायचा आणि त्याने समोरच्या खेळाडूंच्या भिंतीवर जाऊन आपटायचं. कधीमधी पास झालाच तर बाजूला, हात लांब केला तर पोचेल इतक्या अंतरावर.

बर्निसच्या जिवाची तगमग व्हायची. "अरे, आपण फेकत नाही हे त्यांना पाठ झालंय," ती गसला सांगायची. "मग ते मागे कशाला थांबतील? सगळे पुढे येऊन आपल्या ओसरीवर बसलेत. आता धावायलाही जागा नाही. एकदा त्यांच्या डोक्यावरून लांब फेकून दाखवा, झक मारत मागे सरकतील!"

"आणि त्यांनी तो झेलला तर?"

"तर परत फेका!"

"तू रेडिओवर फेकतेस तेवढं पुरे आहे, बर्नी," गस म्हणायचा.

रेडिओचा उल्लेख खोटा नव्हता. दर सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ती दुकानामागे, माल उतरवायच्या धक्क्यावर उभी राहून बझ हॅनलीच्या कार्यक्रमात फोन लावायची. तिचा आवाज आला की बझ घंटा वाजवायचा. "आल्या, आल्या! फेका-फेका बर्निस मॅडम आल्या! काय म्हणता, आज कुठे फेकायचं?" श्रोते हसायचे, दुकानातले लोकही हसायचे. बर्निस न चिडता आपलं म्हणणं पूर्ण करायची. प्रुइट चेंडू हातात फार वेळ धरून ठेवतो हे ती कबूल करायची. त्याची नजर एकाच झेलणाऱ्यावर खिळते हेही. "पण हरतोच आहोत ना? मग हातपाय आखडून का हरायचं? हरायचंच असेल तर फेकून हरा!"

डिसेंबर उजाडला, घरच्या मैदानावरची शेवटची मॅच जवळ आली. शनिवारी दुकानात ही गर्दी. गस आपल्या दोन मित्रांना घेऊन मुद्दाम बर्निसच्या रांगेत उभा राहिला. त्याचा नंबर आला तेव्हा पट्ट्यावर च्युइंगमचं एक पाकीट होतं.

"एवढंच?" बर्निसने विचारलं.

"एवढंच. आणि कागदी पिशव्या दे. मोठ्या. आपल्या अख्ख्या रांगेला पुरतील इतक्या."

"च्युइंगम न्यायला?"

"डोक्यात घालायला," गस म्हणाला. मागचे दोघं खिदळले. "उद्या सगळे डोक्यावर पिशव्या घालून बसणार. डोळ्यांपुरती भोकं पाडायची. टीमला कळू दे, यांची मॅच बघताना लोकांना तोंड दाखवायचीसुद्धा लाज वाटते. टीव्हीवाले येणारच आहेत."

बर्निसने च्युइंगमचं पाकीट उचललं आणि त्याच्या हातात ठेवलं. "हे खिशात मावतं. पुढचं गिऱ्हाईक!"

"ए बाई, पिशव्या काय तुझ्या बापाच्या आहेत?"

"बापाच्या असत्या तरी दिल्या नसत्या. सामान घे, सामानाला पिशवी मिळेल. तोंडाला मिळणार नाही."

रांग खोळंबली. तेव्हा मॅनेजर क्रेग धावत आला. काय झालं ते ऐकून त्याने हसत हसत पिशव्यांचा गठ्ठा गसच्या हातात ठेवला. "अगं, गंमत आहे बर्निस. जाऊ दे ना."

"तुला गंमत वाटते, मला वाटत नाही," ती म्हणाली आणि पुढच्या बाईचे बटाटे तोलायला लागली. मान मात्र लाल झाली होती.

घरी आली तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर वॉल्ट बसला होता. समोर तपकिरी पिशवी, हातात कात्री. एक भोक पाडून झालं होतं आणि ते जरा वर गेलं होतं.

"माझ्या शिवणाच्या कात्रीने?" बर्निस दारातच थांबली.

"दुसरी सापडली नाही."

"तूसुद्धा, वॉल्ट?"

वॉल्टने कात्री खाली ठेवली. तो हळू बोलणारा माणूस. "मला लाज वाटते, बर्नी. न्हाव्याकडे गेलो तर हसतात. गेल्या रविवारी अख्ख्या मॅचमध्ये त्या पोराने किती यार्ड फेकलं? मी तरुणपणी जेवणाचा डबा याहून लांब फेकायचो."

"लाज वाटते तर घरी बस. कोबीचं सूप करून ठेवते, सोफ्यावर बसून पी. पण तिथे जायचं आणि तोंड लपवून बसायचं, हे काय?"

"त्यांना काहीतरी कळायला नको का?"

"काय कळवणार? कोण चिडलंय ते तर आधी कळू दे! मी त्या कोचला इतकं बोलते, पण माझं तोंड त्याला दिसतं. ते त्या प्रुइटलाही दिसतं. लपून शिव्या द्यायच्या हे मला जमणार नाही."

वॉल्टने पिशवी पुन्हा समोर ओढली. थोड्या वेळाने कात्रीचा आवाज पुन्हा सुरू झाला. त्या संध्याकाळी सूप तिने दोघांनाही वाढलं, पण त्याच्या वाटीवर आंबट साय घालायची ती विसरली. विसरली की घातली नाही, हे विचारायची वॉल्टची हिंमत झाली नाही.

रविवारी सरोवरावरून बोचरा वारा सुटला होता. वरच्या रांगेत ओळीने तपकिरी डोकी बसली होती, कुणी पिशवीवर रडका चेहरा काढला होता, कुणी नुसतंच शून्य. त्या ओळीत मधोमध बर्निस, टोपीखाली लाल नाक, उघडं तोंड. तिच्या एका बाजूला पिशवीतला नवरा, दुसऱ्या बाजूला पिशवीतला गस. कॅमेऱ्यावाला पायऱ्या चढून आला तेव्हा गसने हात हलवले. बर्निस उठून उभी राहिली आणि थेट कॅमेऱ्याकडे बघून ओरडली, "मी बर्निस ओलशेफ्स्की! फेका म्हणते मी! अजूनही म्हणते!"

"बस ना गं," पिशवीतून वॉल्टचा आवाज आला.

"मी का बसू? मी काही लपवलेलं नाही."

पहिल्या अर्ध्यात नेहमीचंच चाललं. धाव, आपट, धाव, आपट. समोरच्यांचे तेरा, आपले शून्य. एकदा प्रुइटने कसाबसा एक छोटा पास दिला आणि तो झेलला गेला. लगेच पिशव्यांमधून टाळ्यांचा कडकडाट झाला, शिट्ट्या झाल्या, जणू मोठा पराक्रम झाला होता. खाली प्रुइटने मान वर करून पाहिलं. इतक्या वरून त्याचा चेहरा दिसत नव्हता, पण त्याने मान पुन्हा खाली घातली ते बर्निसला दिसलं.

ती रांगेकडे वळली. "टाळ्या वाजवायच्या तर खऱ्या वाजवा, नाहीतर हात खिशात घाला! काय मिळतं तुम्हाला त्या पोराला असं टोचून?"

"आम्ही तिकिटं काढली आहेत, बाई!" मागून कुणीतरी म्हणालं.

"मीही काढलंय. आणि तोंड उघडं ठेवून बसलेय. तू आधी पिशवी काढ, मग माझ्याशी बोल."

पिशवी काही निघाली नाही, पण आवाजही पुन्हा आला नाही.

दुसऱ्या अर्ध्यात वेळ संपत आला तसा कोचचा नाइलाज झाला. प्रुइट मागे सरकला, आणि त्याने चेंडू खरंच लांब फेकला. इतका लांब की आपली सगळी माणसं आपोआप उभी राहिली. झेलणारा एकटा धावत होता. चेंडू त्याच्या दोन्ही हातांत आला आणि निसटला. स्टेडियमभर हळहळ पसरली.

त्या हळहळीत एकटी बर्निस टाळ्या वाजवत होती. "असंच! असंच! परत फेक!"

वॉल्टने डोक्यावरची पिशवी ओढून काढली. "चष्म्यावर वाफ धरते आहे," तो म्हणाला.  बर्निस थोडी सरकली, आणि त्याच्या गुडघ्यांवर तिने आपल्या शालीचं टोक टाकलं.

पुढचा लांब पास समोरच्यांनी झेलला आणि तसंच धावत जाऊन आणखी सात गुण केले. गस गरजला, "घे! हेच हवं होतं ना तुला?"

"हो, हेच! परत फेक!"

आणि प्रुइटने परत फेकला. आता समोरचे खेळाडू मागे सरकून उभे होते, त्यामुळे धावणाऱ्यालाही मोकळी जागा मिळायला लागली होती. एकदा धाव, एकदा फेक, असं करत टीमने एक टचडाउन केला, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन सात गुण कमावले. मग, खेळ संपायला थोडाच अवकाश असताना, प्रुइटने वाऱ्याच्या तोंडावर असा काही चेंडू सोडला की तो दोन बचाव करणाऱ्यांच्या मधून जाऊन कोपऱ्यात धावणाऱ्याच्या मिठीत पडला. टचडाउन! वॉल्ट आणि बर्निस एकमेकांना धरून उड्या मारत होते. तेवढ्यात वाऱ्याने गसची पिशवी फिरली होती, डोळ्यांची भोकं कानांवर गेली होती, आणि तो चाचपडत ओरडत होता, "काय झालं? अरे, कुणी झेलला? काय झालं?"

"पिशवीला विचार!" बर्निस म्हणाली.

अँकर्स हरलेच. वीस-चौदा. शेवटचा पास जमिनीवर पडला आणि खेळ संपला. खाली प्रुइट कमरेवर हात ठेवून बराच वेळ तसाच उभा होता. बर्निस त्याच्यासाठी टाळ्या वाजवत राहिली. शेजारी वॉल्टही वाजवत होता, हातमोज्यांमुळे त्याच्या टाळ्यांचा फारसा आवाज येत नव्हता.

सोमवारी तिने फोन लावला तेव्हा बझने घंटा वाजवली नाही. काल रात्रीपासून गावभर टीव्हीवर तोच एक तुकडा फिरत होता, पिशव्यांच्या ओळीत एक ओरडणारं तोंड. "बर्निस मॅडम," बझ म्हणाला, "मानलं तुम्हाला. आता तरी खूश ना?"

"खूश कशाला होऊ? हरलोय आपण."

"पण त्यांनी फेकलं!"

"हो, पण हरायला लागल्यावर फेकलं. पहिल्यापासून फेकायला काय झालं होतं? आणि शेवटच्या डावात त्याने चेंडू पुन्हा फार वेळ धरून ठेवला. डावीकडचा मोकळा होता. ते त्याला कुणीतरी सांगा. माझी सुट्टी संपली, ठेवते."

काउंटरवर त्या दिवशी लोक मुद्दाम तिच्या रांगेत आले. काहींनी अभिनंदन केलं, काहींनी चिडवलं. गस आला तो दूध, पाव आणि भला मोठा कोबी घेऊन. मान खाली घालून म्हणाला, "एक पिशवी दे. सामानाला."

"आता कसं शहाण्यासारखं बोललास," बर्निस म्हणाली आणि त्याचं सामान तिने स्वतः भरून दिलं, पाव वर ठेवून, म्हणजे चेपायला नको.

कोच काही शिकला नाही. हंगामाची शेवटची मॅच परगावी होती. वॉल्ट आणि बर्निस घरीच टीव्हीसमोर बसले. पहिल्या डावापासून तेच, धाव आणि आपट, बाजूला एखादा नावापुरता पास. बर्निस पडद्याशी भांडत राहिली. समोरच्यांचे गुण चढत गेले. शेवटी वॉल्टने उसासा टाकला आणि टीव्ही बंद केला.

"लाव तो," बर्निस म्हणाली.

"अगं, गेली मॅच. आता काय राहिलंय त्यात?"

"वेळ राहिलाय. लाव."

वॉल्टने टीव्ही लावला. चेंडू अँकर्सकडेच होता. बर्निस खुर्चीच्या कडेला सरकली, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "फेक!"