सर्व्हरचं कपाळ

किल्ली मी देणार नव्हते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणाला माझी काळजी नको.

किल्ली सर्व्हर रूमची. द्वारका चौकाच्या गोंगाटात एक खासगी हॉस्पिटल आहे, तिथला कॉम्प्युटर विभाग मी सांभाळते. विभाग म्हणजे मी, एक खुर्ची आणि जिन्याखालची एसी लावलेली अरुंद खोली. खोलीत सर्व्हर, म्हणजे सगळ्या हॉस्पिटलची माहिती साठवणारं आणि मागेल त्याला पुरवणारं मोठं काळं मशीन. लॅबमध्ये रक्ताचा रिपोर्ट तयार झाला की तो या मशीनमध्ये येतो आणि इथून वर वॉर्डातल्या सिस्टरांच्या स्क्रीनवर जातो. भिंतींना भोकं पाडून वायरी ओढण्यापासून हे सगळं मी उभं केलंय. म्हणून मी त्या खोलीला माझी खोली म्हणते, आणि हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

त्या वर्षी नवरात्रात मी माहेरी, कळवणला गेले होते. दसरा करून परत आले तर रिपोर्ट वर पोहोचत नव्हते. मधेच जायचे, मधेच अडकायचे. वॉर्डातल्या सिस्टर फोनवर म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही आलात, पण मशीन अजून कळवणलाच आहे वाटतं." मी हसले, पण गोष्ट हसण्यासारखी नव्हती. तापाने फणफणलेल्या पेशंटचा रिपोर्ट खाली तयार, आणि वर डॉक्टर रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसलेले. शेवटी आयाबाई कागद घेऊन जिने चढू लागल्या. प्रत्येक फेरीला माझ्या दाराशी थांबून त्या गुडघे चोळायच्या.

सर्व्हरमध्ये जिथे वायर खोचतात, त्या भागाला नेटवर्क कार्ड म्हणतात. किती पाठवलं, किती हुकलं आणि कशामुळे हुकलं, याची नोंद मशीन स्वतःच ठेवतं. मी ती पडद्यावर आणली. पाठवतानाच्या चुका वाढत होत्या आणि सगळ्या एकाच नावाखाली जमा होत होत्या: कॅरिअर. वायरीच्या पलीकडे कोणीतरी आहे ही कार्डाला असलेली जाणीव, तिला कॅरिअर म्हणतात. ती मधेच तुटत होती. फोनवर समोरून 'हं, हं' येईनासं झालं की आपण जसं 'हॅलो, हॅलो' करत बसतो, तसं आमचं मशीन करत होतं.

मी हे बघत असताना प्रशासक साहेब मागे येऊन उभे राहिले. साहेब सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले. माझा विभाग त्यांच्या डोळ्यांत पहिल्यापासून खुपायचा, कारण तिथे चालतं काय ते त्यांना कळायचं नाही आणि विचारायला कमीपणा वाटायचा. त्यांनी चष्मा वर करून पडदा वाचला.

"करिअर एरर?" ते म्हणाले. "मॅडम, तुमच्या करिअरमध्येच एरर दाखवतंय की हे."

त्यांच्यासोबत बाहेरच्या एका कंपनीचा माणूस होता. तो खो खो हसला. मशीनला हातही न लावता त्याने निदान करून टाकलं: कार्ड गेलं, मशीन म्हातारं झालं, सगळंच नवं घ्या. मग आम्ही ते पुण्यातून सांभाळू, इथे माणूस लागणारच नाही. माणूस म्हणजे मी. मी समोरच उभी होते.

"सोमवारी मीटिंगमध्ये ठरवून टाकू," साहेब म्हणाले. "येताना किल्ली घेऊन या, मॅडम."

"येईन," मी म्हटलं. "पण किल्ली माझ्याचकडे राहील, साहेब."

ते गेल्यावर मी रागारागाने ती नोंद पुन्हा उघडली. कार्ड गेलं असेल तर गेलं, मी काही त्याची आई नाही. पण कसं गेलं ते दाखवा, मग मानेन. जो येईल तो सांगायचा, "रीस्टार्ट करून बघा ना." अरे, रीस्टार्ट म्हणजे तापाची गोळी. तेवढ्यापुरतं बरं वाटतं, आणि चुकांची नोंद पुसली जाते ती वेगळीच. मी रीस्टार्ट केलं नाही.

वायर बदलली. सगळं सुरळीत झालं. मी डबा उघडला, पहिला घास तोंडात घातला आणि फोन वाजला. वायरीचं पलीकडचं टोक दुसऱ्या जागी लावून बघितलं, तरी तेच. सेटिंग तपासली, ती जशीच्या तशी होती. गंमत म्हणजे वायर काढून पुन्हा खोचली की थोडा वेळ बरं चालायचं आणि मग मागचे पाढे पंचावन्न.

शनिवारी चिडून मी ती नवी वायर पुन्हा उपसली आणि या वेळी तिचं टोक उजेडात धरलं, तर ते लाल. हॉस्पिटलात लाल दिसलं की पहिला विचार रक्ताचाच येतो. मी आपली बोटं तपासली, कुठे कापलेलं नव्हतं. टोक नाकाशी नेलं तर गुलाबपाण्याचा वास. मोबाईलचा टॉर्च लावून मशीनच्या त्या खाचेत डोकावले. आतल्या बारीक सोनेरी तारांवर कुंकू वाळून बसलं होतं.

मी शिपाईमामांना हाक मारली. मामा इगतपुरीकडचे, हॉस्पिटलात माझ्याही आधीपासूनचे. "मामा, मी नसताना इथे कोण आलं होतं?"

"कोन म्हंजे? पूजा केली ना," मामा अभिमानाने म्हणाले. "खंडेनवमीला. सायब म्हनले, समद्या मशिनी पुजल्या, ही येकटीच कशी ठिवायची? त्यांच्या कपाटात दुसरी किल्ली हाय ना."

"आणि कुंकू कुठे लावलंत?"

माझी खोली अरुंद, म्हणून मशीनचं तोंड भिंतीकडे आणि वायरींची पाठ दाराकडे आहे. दारातून येणाऱ्याला पाठच समोर दिसते.

"समदं काळं लोखंड, लावायचं कुठं?" मामा म्हणाले. "येकाच जागी, वायर खुपसतात तिथं, हिरवी लाईट लुकलुकत व्हती. सायब म्हनले, हेच कपाळ. म्या वायर काढून पुसून घेतलं, सायबांनी बोट भरून लावलं. पर लाईटच गेली ना. सायब लय घाबरले. मंग वायर परत खुपसली तशी पेटली. सायब म्हनले, बघा, देवी पावली."

मी तिथेच जमिनीवर बसून हसले, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मामाही हसले, कशाला ते न कळता. मग हसू ओसरलं आणि खरा राग आला. कुंकवाचा नाही. आमच्या घरी त्या दिवशी ट्रॅक्टर, पंप, कोयता, सगळ्यांना गंध-फूल असतं. राग दुसऱ्या किल्लीचा होता. माझ्या खोलीची अशी एक किल्ली आहे हेच मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. माझ्या माघारी दार उघडायचं, आत बोट घालायचं, आणि वर माझ्या करिअरवर विनोद करायचा.

सिस्टरांना सांगून थोडा वेळ मशीन बंद केलं. ड्रेसिंग रूममधून स्पिरिट आणलं आणि काडीला कापूस गुंडाळून एकेक तार पुसून काढली. कापूस आधी लाल, मग गुलाबी, मग पांढरा निघाला. मशीन चालू करून नोंद नव्याने सुरू केली. रविवारभर आयाबाईंना एकदाही जिना चढावा लागला नाही.

सोमवारी मीटिंगला मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या, हॉस्पिटल त्यांचं. साहेब होते, आणि बाहेरच्या कंपनीचा माणूस गुळगुळीत कागद घेऊन आला होता. त्याने बोलायला सुरुवात करायच्या आत मी ती वायर लाल टोक वर करून टेबलावर ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. साहेबांचा चेहरा आधी पडला, मग ताठ झाला.

"म्हणजे देवीची पूजा केली ही चूक झाली, असं म्हणायचंय तुम्हाला?"

माणसाला गप्प करायला हा प्रश्न आपल्याकडे पुरतो. मी गप्प बसले नाही.

"पूजा नाही चुकली साहेब, जागा चुकली. आमच्याकडे ट्रॅक्टरला गंध लावतात, डिझेलच्या टाकीत कोणी ओतत नाही."

डॉक्टरीणबाईंना एकदम खोकला आला. मी लॅपटॉप साहेबांकडे फिरवला. "करिअर बघून घ्या. एरर शून्य."

"रिपोर्ट येतायत ना वर?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग नव्या मशीनचं सध्या राहू द्या. झालं."

"नाही झालं," मी म्हटलं, आणि साहेबांसमोर हात पसरला. "दुसरी किल्ली."

साहेब म्हणाले, ती कपाटात आहे. मी म्हटलं, थांबते. ते उठेपर्यंत मी हात मागे घेतला नाही.

पुढच्या खंडेनवमीला मी कळवणला गेले नाही. आई फोनवर रुसली, तरी नाही. खोली झाडली, दाराला झेंडूचं तोरण बांधलं आणि दार सताड उघडं ठेवलं. मशीनच्या वरच्या पत्र्यावर मी आधी स्वतः गंध लावलं, फूल वाहिलं, आणि मग सगळ्यांना बोलावलं. सिस्टर आल्या, आयाबाई आल्या, मामा आले. शेवटी साहेबही आले. त्यांनी माझ्या तबकातल्या कुंकवात बोट बुडवलं, आणि ते बोट सवयीने त्या हिरव्या दिव्याकडे निघालं.

सगळ्यांच्या देखत मी त्यांचं मनगट धरलं.

"तिथे नाही," म्हटलं, आणि त्यांचा हात वरच्या पत्र्यावर नेऊन ठेवला.