मास्तरांच्या खोलीवरचं हळदीकुंकू

मानवतमधल्या आमच्या अख्ख्या गल्लीला मी हळदीकुंकवाला बोलावलं होतं, ही गोष्ट खरी आहे. (फक्त तेव्हा ती मला माहीत नव्हती.)

मी तिथे दुसरीच्या वर्गाचा मास्तर. बायको सुमन जिंतूरला माहेरी. लग्नाला वर्ष झालं तरी ती आली नव्हती. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळे एसटीचा भरवसा नसायचा, म्हणून मलाही तिकडे न जायला आयती सबब! शाळा सुटली की खोली आणि मी. बोलायला माणूस नाही म्हणून दूधवाल्याला 'उद्या येणार ना?' असं रोज उगाच विचारायचो.

माझ्या वर्गातली सहा पोरं तोंडच उघडत नसत. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांना थांबवून मी चारचौघांत बोलायला शिकवू लागलो. दारात कसं उभं राहायचं, वर कसं बघायचं, नाव कसं सांगायचं! (शिकवणारा कोण, तर मी!)

संक्रांत नुकतीच झालेली. हळदीकुंकवाचं बोलावणं घेऊन घरोघर पोरंच फिरतात. म्हटलं, आयता सराव!

"प्रत्येकानं पाच घरी जायचं अन् मोठ्यानं बोलावणं द्यायचं. उद्या संध्याकाळचं!"

"कुणाच्या घरचं, गुरुजी?" गंगूनं विचारलं. ही सगळ्यांत घुमी. तिचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. त्या आनंदात म्हणालो, "कुणाच्याबी!"

पोरं पडली प्रामाणिक. आईनं बोलावलं नसताना आईचं नाव कसं घ्यायचं? सांगितलंय गुरुजींनी, म्हणजे बोलावलंय गुरुजींनी! घरोघर त्यांनी माझंच नाव सांगितलं.

रविवारी संध्याकाळी मी लुंगी लावून स्टोव्हला पिन मारत होतो. दार वाजलं. बाहेर ठेवणीतल्या साड्या, गजरे आणि गर्दी!

"मास्तरीणबाई आल्या म्हणं! कुठायत?" घरमालकीण काकू आत शिरल्या.

"कोण मास्तरीणबाई?"

"अगं बया! सोताची बायको कोन ते इचारायलेत!"

घरात हळद होती, भाजीची. कुंकू नव्हतं. वाण म्हणून द्यायला फक्त खडू! (एकीनं घेतलाही.) शेवटी काकूंनी आपला करंडा आणला आणि बायकांनी आपसातच कार्यक्रम उरकला. मी स्टोव्ह पोटाशी धरून कोपऱ्यात. वर्षात पहिल्यांदा खोली भरली होती. लाजेनं मेलो होतो, पण कुणी जाऊ नये असंही वाटत होतं.

"खरं सांगा गुरुजी, त्या का येईनात?" काकूंनी विचारलं.

"तिला इथं करमणार नाही... असं मला वाटतं."

आईच्या पदराआडून गंगू पुढे आली. वर बघून, मोठ्यानं म्हणाली, "तुमी त्यान्ला बोलावलंय का?"

पत्र मी दर पंधरवड्याला धाडायचो. त्यात पावसापाण्याची हकिकत असे, सासऱ्यांच्या गुडघ्याची चौकशी असे. 'ये' एवढंच नसे. ती नाही म्हणाली तर, याची भीती वाटे.

बायका गेल्यावर कार्ड काढलं. 'एकट्याला करमत नाही. तू ये.' कुणालाही न विचारता, स्वतःच्या मनानं लिहिलं आणि पेटीत टाकलं.

आठव्या दिवशी जिंतूरहून उत्तर आलं.

'अक्षर तुमचंच आहे. पण मजकूर कुणी सांगितला ते कळवा, मग येते.'